चुलवाणाभोवतीचा पत्रा

“पण सर, ही युक्ती सगळ्यांत आधी सुचली कुणाला?”

रणधीरने हे तिसऱ्यांदा विचारलं.

तोडकर सर अंगणातल्या वाफ्यात उकिडवे बसून गवत उपटत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कसली युक्ती?”

“गुऱ्हाळांची. मघापासून तेच सांगतोय.”

“परत सांग. वय झालंय माझं.”

तोडकर सरांनी तीस वर्षं कोल्हापुरात अर्थशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर ते नदीकाठच्या आपल्या गावी येऊन राहिले. रणधीर साळोखे त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. सर असं कधी म्हणाले नव्हते, पण रणधीरला ते ठाऊक होतं. पुढे तो दिल्लीत शिकला, परदेशात शिकला, आणि आता पुण्याच्या एका संस्थेत वाढ, उत्पादकता आणि कर या विषयांवर संशोधन करत होता. करसवलती ठरवणाऱ्या एका सरकारी समितीपुढे त्याचा अहवाल जायचा होता. समिती त्याचं ऐकणार, हेही जवळजवळ ठरल्यासारखंच होतं.

तो पायरीवर बसला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.

“या खोऱ्यातली एकशे त्रेचाळीस गुऱ्हाळं मी दोन हंगाम मोजली. बारा वर्षांपूर्वीचे आकडेही मिळवले. माणसं तेवढीच. रस आटवायच्या काहिली तेवढ्याच. कुणी मोठं यंत्र घेतलेलं नाही. आणि तरी दिवसाला जिथे चार काहिली गूळ उतरायचा, तिथे आता सहा उतरतो. जळण उलट कमी लागतं.”

“मग वाढ कशाने झाली?”

“माणसं आणि भांडवल यांचा हिशेब वजा केला की जो शेष उरतो, त्याने.”

“शेष म्हणजे काय रे?”

रणधीर हसला. हा प्रश्न सर पहिल्या वर्षाच्या पोरांना विचारायचे.

“जे मोजता आलं नाही ते.”

“म्हणजे तुला माहीत नाही.”

“माहीत आहे, सर. कुणीतरी चुलवाण सुधारलंय. भट्टी तीच, पण जाळ वाया जात नाही. हा शोध आहे. शोध म्हटला की शोधणारा आला. मला तो माणूस हवाय.”

“आकडे आहेत ना तुझ्याकडे?”

“आहेत.”

“मग माणूस कशाला?”

“समितीला आकडे समजतात, पण पटत नाहीत. माणूस पटतो. माझी शिफारस साधी आहे. जो नवी युक्ती शोधून सरकारकडे नोंदवेल, त्याला दहा वर्षं करात सूट. फायदा दिसला की माणूस डोकं चालवतो. अहवालाच्या पहिल्या पानावर मला त्या माणसाचं नाव घालायचंय.”

सरांनी मुठीतलं गवत बाजूला टाकलं.

“जा, शोध. सापडला की मलाही दाखव. एवढी वर्षं इथं राहतोय, मला काही भेटला नाही तो...”

रणधीरला यात थोडी थट्टा वाटली. पण तो निघाला.

चार दिवस तो मोटारसायकलवरून खोऱ्यात फिरला. हंगाम ऐन भरात होता. जिथे जाईल तिथे लोक आधी ताज्या रसाचा तांब्या पुढे करत, मग बोलत. गुऱ्हाळाला दार असं नसतंच. चार खांब, वर छप्पर, मधे भट्टी. रस्त्याने जाणारा वळून आत येतो, जाळाशी हात शेकतो, काहिलीत डोकावतो, दोन शब्द बोलतो आणि वाटेला लागतो.

एकाने सांगितलं, धुराडं आम्ही उंच केलं खरं, पण धूर भावजयीच्या घरात जायचा म्हणून. तिचं तोंड बंद करायचं होतं, जाळ वाचवायचा नव्हता.

दुसऱ्याच्या भट्टीचं तोंड अरुंद होतं. का, तर बांधताना विटा कमी पडल्या. जाळ चांगला लागला, म्हणून मग तसंच ठेवलं.

तिसरा म्हणाला, जाळाखालची जाळी तिरकी बसवायचं आम्ही पलीकडच्या गावात बघितलं. पलीकडच्या गावात म्हणाले, आम्ही ते अलीकडच्या गावात बघितलं.

रणधीरने वहीत नावं लिहून बाण काढले. चौथ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर बाण गोल फिरून पहिल्याच नावावर आले होते.

तो चिडला. या लोकांना स्वतःचं श्रेय घेता येत नाही, म्हणूनच ते मागे राहतात, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

मग पाचव्या दिवशी त्याला हिंदुराव खाडे सापडले.

हिंदुराव पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे. त्यांच्या भट्टीवर मोठ्या काहिलीमागे, धुराड्याच्या वाटेवर, एक लहान काहील बसवलेली होती. वाया जाणाऱ्या आचेवर तिच्यातला रस आधीच कढत व्हायचा आणि मग मोठ्या काहिलीत यायचा. पाऊण तास वाचायचा. ही धाकटी काहील आता खोऱ्यात सगळीकडे होती, आणि ती हिंदुरावांचीच, हे सगळे एकमुखाने सांगत होते.

“हे सुचलं कसं तुम्हाला?” रणधीरने विचारलं.

“आमची अनुसया आंगुळीच्या पान्याचा हंडा ठेवायची धुराड्यावर. म्हटलं, पानी तापतंय तर रस का तापू नये.”

रणधीरने दुसरं वाक्य लिहून घेतलं. पहिलं सोडून दिलं.

त्याने हिंदुरावांचा फोटो काढला. सवलतीची गोष्ट समजावून सांगितली. नोंदणीचा कच्चा अर्ज तिथेच भरला. हिंदुराव गोंधळले, मग सुखावले. त्यांनी हळूच सांगितलं, “साहेब, डोस्क्यात आनि एक हाय. धुराड्याचं. अजून केलं न्हाई.”

“मग करा. पण नोंद होईपर्यंत कुणाला दाखवू नका. एकदा बाहेर गेलं की ते तुमचं राहत नाही.”

हिंदुरावांनी मान डोलावली. त्यांची बायको अनुसयाबाई जाळात चिपाडं सारत होत्या, त्या थांबून बघत राहिल्या.

रणधीर पुण्याला गेला. पहिलं पान त्याने एका बैठकीत लिहून काढलं. त्याला ते फार आवडलं.

तीन आठवड्यांनी तो पक्का अर्ज घेऊन सहीसाठी परत आला. सकाळचे दहा वाजले असतील. बांधावरून त्याला हिंदुरावांचं छप्पर दिसलं, पण छपराखालची भट्टी दिसेना.

चारी बाजूंनी पत्रा उभा होता. पुरुषभर उंच, कोरा, उन्हात चमकणारा. एका कोपऱ्यात अरुंद दार, दाराला कडी.

हिंदुरावांनी आतून डोकावून पाहिलं, मग कडी काढली.

“या साहेब. तुमीच म्हनला न्हवं, कुनाला दावू नका म्हनून.”

आत धूर कोंडला होता. रणधीरचे डोळे झोंबले. भिंतीशी गुळाच्या ढेपा लावून ठेवल्या होत्या. गेल्या खेपेला त्या सोनेरी होत्या. या काळवंडलेल्या होत्या.

“हे काय झालं?”

“कळंना झालंय. नवं धुराडं बसवलं, तवापासनं जाळ मनासारखा लागंना. बाजारात भाव पडून मिळाला... हुईल ठीक. सही कुठं करायची?”

रणधीरने अर्ज पिशवीतून काढला नाही. “पुढच्या वेळी करू,” म्हणाला आणि बाहेर पडला.

ओढ्यापलीकडे ज्ञानू पोवारांचं गुऱ्हाळ. तिथे खांबांना गोणपाट ताणून बांधलेलं होतं. रणधीर जवळ गेला तेव्हा रसाचा तांब्या पुढे आला नाही. ज्ञानूने एवढंच विचारलं, “काय काम हुतं?”

पुढच्या गावात ताडपत्री. त्याच्या पुढे एकाने चक्क भिंत घालायला घेतली होती. सवलतीची बातमी रणधीरच्या आधी खोऱ्यात हिंडून आली होती. काय नोंदवायचं हे बऱ्याच जणांना नीटसं माहीत नव्हतं, पण झाकून ठेवायचं हे सगळ्यांना कळलं होतं.

दुपारपर्यंत त्याने अशी सात गुऱ्हाळं पाहिली. आठव्याकडे तो गेलाच नाही. मोटारसायकल एका चिंचेखाली लावून बराच वेळ तसाच बसून राहिला. दोन हंगामांत एकशे त्रेचाळीस ठिकाणी आपल्याला कुणी थांबवलं नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं. मोजताना ही गोष्ट त्याने कुठल्याच रकान्यात लिहिली नव्हती.

मग तो सरांकडे गेला.

सर ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. रणधीरने सगळं सांगितलं. हिंदुरावांना काय सांगितलं होतं, तेही. लपवून ठेवलं नाही.

“माझ्यामुळे झालं, सर.”

सर शेंगा सोलत राहिले.

“काही तरी बोला.”

सरांनी सूप बाजूला सरकवलं. उठले. चपला घातल्या.

“चल.”

“कुठं?”

सर केव्हाच फाटकाबाहेर पडले होते.

अठ्ठ्याहत्तरीचा माणूस, पण चालायला चिवट. बांधावरून, पाटाच्या कडेने, उसाच्या दोन फडांमधून ते सरळ हिंदुरावांच्या गुऱ्हाळाशी आले. पत्र्यापासून हातभर अंतरावर थांबले. दार किलकिलं होतं. सरांनी ते ढकललं नाही.

हात जोडून, शाळेतल्या पोरासारखी मान खाली घालून, त्यांनी बाहेरूनच विचारलं,

“आत येऊ का?”

आतला सगळा आवाज थांबला.

“कोन हाय?”

“तोडकर. आत येऊ का?”

हिंदुराव धावतच बाहेर आले. सरांचे जोडलेले हात बघून त्यांचा चेहरा उतरला. याच गुऱ्हाळात सर त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून येत होते. काहिलीशेजारच्या दगडावर बसून वर्तमानपत्र वाचत होते.

“सर, आसं काय इचारताय?”

“पत्रा आहे म्हणून विचारलं.”

हिंदुरावांनी दार सताड उघडलं.

बोलल्या त्या अनुसयाबाई. दारात येऊन, पदराने कपाळ पुसत, शांतपणे बोलल्या.

“सर, तीन आठवडं झालं, हितं कुनी फिरकलेलं न्हाई. सकाळी ज्ञानूभावजी येत हुते, त्येंची मंडळी येत हुती. आता वाटंवर गाठ पडली तरी मान वळवत्यात. गूळ काळा पडला त्येचं मला काय न्हाई. गूळ हुईल पुन्यांदा.”

एवढं बोलून त्या आत गेल्या.

रणधीर पुढे झाला. काय बोलायचं हे त्याने वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरला.

“हिंदुराव, माझं चुकलं. पत्रा मी लावलाय, असंच समजा. तुम्हाला सवलत मिळायची असेल तर मिळेल, नसेल तर नाही, ते माझ्या हातात नाही. पण कुणाला दाखवू नका हे मी सांगायला नको होतं.”

हिंदुरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग सरांकडे. मग पत्र्याकडे असं पाहिलं की जणू तो आपण उभा केलाय यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

“पान्हा आन गं,” त्यांनी बायकोला हाक दिली.

पत्रा काढायला तासभर लागला. रणधीरने शर्टाच्या बाह्या सरसावून नट सोडवले. एक नट सुटेना, तेव्हा त्याचा हात खरचटला. अनुसयाबाईंनी हळद आणून दिली. सर दगडावर बसून होते. त्यांनी कशालाच हात लावला नाही.

शेवटचा पत्रा आडवा झाला आणि वारा आत शिरला. कोंडलेला धूर उसावरून निघून गेला. ओढ्यापलीकडे ज्ञानू पोवार बांधावर उभे होते. केव्हापासून कोण जाणे. ते पलीकडेच थांबले.

सरांनी हाक मारली नाही. रणधीरला मारावीशी वाटली, पण त्याने आवरलं.

बराच वेळ गेला...

“ज्ञानू,” शेवटी हिंदुराव ओरडून म्हणाले, “जरा बघ की रं. धूर खालीच बसाय लागलाय.”

ज्ञानू ओढा ओलांडून आले. हिंदुरावांच्या तोंडाकडे न बघता सरळ धुराड्यापाशी गेले. वाकले. ज्या जागी हिंदुरावांनी नवा बाक, म्हणजे वळण, दिला होता, तिथे कान जवळ नेऊन त्यांनी चिपाडं सारायच्या दांड्याने दोनदा टकटक केलं.

“हितं राख तुंबलीया.”

“कसं कळलं?”

“धूर बघून. आठ दिस झालं, बांधावरनं दिसतंय मला.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

ज्ञानूने पहिल्यांदा वर पाहिलं.

“पत्रा हुता.”

हिंदुराव हसले, आधी तोंडातल्या तोंडात, मग मोकळेपणाने. ज्ञानूही हसले.

“बाक झ्याक दिलायस पन,” ज्ञानू म्हणाले. “आच फिरून येती. खालतं एक झडप सोड, राख काडाय. मग बघ.”

झडपेला काय वापरायचं यावर दोघं वाद घालू लागले. अनुसयाबाईंनी मधेच सुचवलं की पत्रा आडवाच पडलाय, त्यातलाच एक तुकडा कापा. दोघांना ते एकदम पटलं. तिथल्या तिथे पत्रा कापला, झडप बसली. हिंदुरावांनी जाळ वाढवला. आधी भुरका, मग पांढरा, मग विरळ... धूर धुराड्यातून सरळ वर निघाला.

उन्हं कलताना जो गूळ उतरला, तो पुन्हा सोनेरी होता. ज्ञानूंनी बोटभर चाखला आणि आपल्या घरच्यांसाठी एक खडा धोतराच्या सोग्यात बांधून घेतला. जाता जाता त्यांनी पावलांनी धुराड्याचा बाक मोजला. हिंदुरावांनी ते पाहिलं. “चार बोटं जादा धर,” म्हणाले, “माझं जरा आखूडच पडलंय.”

रणधीरच्या हातात गरम काकवीची वाटी होती. कितीतरी दिवसांत तो इतका निवांत बसला नव्हता. पिशवीतला अर्ज त्याने काढून पाहिला. अर्जदाराच्या नावापुढची जागा बोटभर होती. तिथे हिंदुराव, अनुसयाबाई, ज्ञानू, ती भावजय आणि विटा कमी पडलेला गवंडी, एवढी माणसं कशी बसवायची, याचं त्याला हसू आलं. त्याने अर्जाची घडी घालून तो परत ठेवला.

परतीच्या वाटेवर ऊन सौम्य झालं होतं. सर पुढे, रणधीर मागे.

“पहिलं पान काढून टाकतो,” रणधीर म्हणाला.

“हं.”

“करात सूट नकोच म्हणून लिहू?”

“मी तसं म्हणालो?”

“नाही.”

“औषध शोधायला वीस वर्षं लागतात. तिथं कदाचित सूट लागत असेल. तिथं जाऊन बघ. इथलं बघितलंस, इथलं लिही.”

उसाची पानं सळसळत होती. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जात होतं.

“समिती विचारेल, शेष कशाचा होता. मी काय दाखवू? उघडी गुऱ्हाळं? याला आकडा नाही.”

“आता आहे की. सात ठिकाणी झाकलं, तिथं काय झालं. बाकीच्या ठिकाणी काय झालं. मोज.”

रणधीर वाटेतच थांबला. ही गोष्ट त्याला सुचायला हवी होती. सहा महिन्यांपूर्वी ती दुसऱ्या कुणी सुचवली असती तर त्याला राग आला असता. आता त्याला फक्त बरं वाटलं. तो मनातल्या मनात वहीचे रकाने आखू लागला, आणि आखता आखता त्याला एक शंका आली. तो भराभर चालून सरांच्या बरोबरीला आला.

“सर, तुम्ही याच खोऱ्यात राहता. रोज त्या दगडावर बसून पेपर वाचता. पहिल्या दिवशीच तुम्हाला सगळं माहीत होतं. मग तेव्हाच का सांगितलं नाहीत?”

सर दम खायला थांबले. खांद्यावरच्या पंच्याने मान पुसली.

“मला कुठं माहीत होतं...” ते म्हणाले. “तू पत्रा लावेपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं.”